बहुभाषिक नगर आणि प्रतीकांची व्यवस्था : भिवंडीच्या संदर्भात एक चिकित्सा

१. प्रास्ताविक

राष्ट्र आणि राज्य या दोन्ही संकल्पना अमूर्त आहेत. सामान्य नागरिकाला त्या प्रत्यक्ष भेटतात त्या प्रतीकांच्या रूपाने. ध्वज, गीत, मुद्रा, दिनदर्शिका आणि सार्वजनिक सुट्टी ही अशा भेटीची ठिकाणे होत. एकभाषिक देशात या प्रतीकांची भाषा कोणती असावी, हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. भारतासारख्या बहुभाषिक देशात मात्र प्रत्येक प्रतीक काही जणांच्या मातृभाषेत बोलते आणि इतरांशी अनुवादातून बोलते. राज्यांची पुनर्रचना भाषेच्या तत्त्वावर झाल्यामुळे प्रादेशिक प्रतीकांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच टोकदार बनला आहे.

आपल्याकडे या विषयावर जे लेखन झाले आहे, त्यात प्रतीकांचा इतिहास विपुल आढळतो. प्रतीकांच्या व्यवस्थेची चिकित्सा मात्र अभावानेच आढळते. ध्वज केव्हा स्वीकारला, गीत कोणी लिहिले, राज्यफूल कोणते, ही माहिती स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत सर्वत्र मिळते. ही प्रतीके ज्या नगरांत तीन-चार भाषा एकाच गल्लीत नांदतात तेथे कशी पोहोचतात, कोणाला सामावून घेतात आणि कोणाला उंबरठ्यावर उभे करतात, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात भिवंडी हे नगर समोर ठेवून हा प्रश्न विचारण्याचा प्रयत्न केला आहे.

भिवंडीची निवड सहेतुक आहे. या नगरात आगरी, कोळी आणि इतर मराठीभाषक समाज आहेत. कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. १८५७ नंतरच्या काळात उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांचे उर्दूभाषक वंशज आहेत. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचे पद्मानगर आहे. गुजराती व्यापारी आहेत आणि उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले हिंदी-भोजपुरीभाषक कामगार आहेत. ‘भिवंडी-निजामपूर’ हे महानगरपालिकेचे जोडनावच या संमिश्रतेची साक्ष देते. म्हणूनच प्रतीकांच्या व्यवस्थेची खरी कसोटी राजधानीत लागत नाही, ती अशा नगरात लागते.

२. प्रतीकनिर्मिती हे एक संपादन

प्रतीके परंपरेतून आपोआप येतात असा एक समज रूढ आहे. प्रत्यक्षात प्रतीक घडवणे ही निवडीची, म्हणजेच संपादनाची क्रिया असते. याचे सर्वांत स्पष्ट पुरावे गीतांच्या रूपाने उपलब्ध आहेत. ‘जन गण मन’ ही रवींद्रनाथ ठाकूर यांची पाच कडव्यांची रचना. त्यांपैकी केवळ पहिले कडवे राष्ट्रगीत म्हणून २४ जानेवारी १९५० रोजी स्वीकारले गेले. ‘वन्दे मातरम्’च्या बाबतीत १९३७ साली काँग्रेस कार्यकारिणीने पहिली दोन कडवी सार्वजनिक गायनासाठी निवडली. महाराष्ट्राच्या राज्यगीताचा इतिहास अगदी अलीकडचा आहे. राजा बढे यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले आणि शाहीर साबळे यांच्या आवाजामुळे घराघरांत पोहोचलेले गीत राज्य मंत्रिमंडळाने ३१ जानेवारी २०२३ रोजी राज्यगीत म्हणून स्वीकारले व १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते अंगीकारण्यात आले. येथेही मूळ तीन कडव्यांतून दोन निवडली गेली.

या तिन्ही निवडींची कारणे भिन्न आहेत. कोठे गायनाची सोय आहे, कोठे काळाची मर्यादा आहे, तर कोठे विविध समाजांच्या भावनांचा विचार आहे. परंतु तिन्हींतून एकच तत्त्व हाती लागते. कवीची रचना संपूर्ण असते. राष्ट्राची किंवा राज्याची रचना तिच्यातून काढून घेतलेली असते. हे मान्य केले की प्रतीकाच्या पावित्र्याला बाधा येत नाही. त्यामागे कोणीतरी, कोणत्यातरी प्रसंगी, कोणाचातरी विचार करून निर्णय घेतला होता, एवढेच लक्षात येते. आणि निर्णय घेतला असेल तर ‘कोणाचा विचार केला गेला?’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार अभ्यासकाला प्राप्त होतो.

राज्यगीताची आशयदृष्ट्या तपासणी केली तर एक महत्त्वाची गोष्ट दिसते. बढे यांच्या गीतातील महाराष्ट्र प्रामुख्याने नद्यांचा, डोंगरांचा आणि घामाचा आहे. अनेक नद्यांचे पाणी एकत्र येण्याची कल्पना त्यात आहे. दारिद्र्य आणि कष्ट यांचा गौरव आहे. हा भाग भिवंडीतील कोणत्याही भाषेच्या कामगाराला आपला वाटू शकतो. दुसऱ्या बाजूने त्यात उत्तरेच्या संदर्भात पराक्रमाचा सूरही आहे. हा सूर मराठी मनात अठराव्या शतकाच्या स्मृतींतून येतो. मात्र उत्तरेतूनच पोटासाठी आलेल्या आणि तीन-चार पिढ्या येथेच राहिलेल्या विणकराने तो कोणत्या जागेवर उभे राहून म्हणावा, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. गीतावर आक्षेप घ्यावा असे येथे सुचवायचे नाही. एकाच गीतात सामावून घेणारे आणि सीमा आखणारे असे दोन प्रवाह असतात आणि ते शिकवताना पहिला प्रवाह पुढे आणणे ही शिक्षकाची जबाबदारी ठरते, एवढेच म्हणायचे आहे.

३. गीतातील प्रांत आणि नोटेवरील भाषा

राष्ट्रगीतात भाषांची नावे येत नाहीत, प्रदेशांची येतात. त्यात मराठा आहे, गुजरात आहे, द्राविड आहे आणि सिंधही आहे. फाळणीनंतर सिंध भारतात राहिला नाही. तो शब्द वगळावा अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात आली आणि २००५ साली ती फेटाळली गेली. न्यायालयाच्या दृष्टीने गीत हे देशाचा नकाशा नव्हे. देशाचा भूभाग बदलला म्हणून ते बदलण्याचे कारण नाही. भिवंडीपासून जवळच, कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागेवर निर्वासित सिंधी बांधवांची वसाहत झाली आणि १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथील माणसाला राष्ट्रगीतातील तो शब्द गमावलेल्या भूमीचा नव्हे, तर स्वतःच्या भाषेचा उच्चार वाटतो. सिंधीला आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले ते १९६७ साली, एकविसाव्या घटनादुरुस्तीने. म्हणजे भूमी आधी गेली, गीतातील नाव टिकले आणि भाषेला मान्यता नंतर मिळाली. प्रदेश आणि भाषा यांचे समीकरण किती अपुरे असते, याचे हे बोलके उदाहरण होय.

आता चलनी नोटेकडे पाहू. नोटेच्या मागील बाजूस भाषापट्टीत पंधरा भाषांत मूल्य छापलेले असते. हिंदी आणि इंग्रजी धरून एकूण सतरा. या पट्टीत मराठी आहे, उर्दू आहे, तेलुगू आहे, गुजराती आहे. म्हणजे भिवंडीच्या बाजारात ज्या भाषांतून व्यवहार होतो त्यांपैकी बहुतेक सर्व भाषा त्या व्यवहारातील कागदावर हजर आहेत. पट्टीतील क्रम भाषांच्या इंग्रजी नावांच्या वर्णानुक्रमाने आहे. लोकसंख्येने किंवा प्रतिष्ठेने नाही. मात्र आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांपैकी बोडो, डोगरी, मैथिली, मणिपुरी, संथाली आणि सिंधी या सहा भाषा तेथे नाहीत. जी सिंधी गीतात आहे ती नोटेवर नाही. जी उर्दू गीतात प्रदेशरूपाने येऊच शकत नाही ती नोटेवर आहे.

या तुलनेतून एक निष्कर्ष काढता येतो. जे प्रतीक प्रदेशाच्या द्वारे भाषेला स्थान देते त्यात ज्या भाषेला एकसंध प्रदेश नाही ती सुटते. जे प्रतीक भाषांना रांगेत शेजारी शेजारी बसवते त्यात प्रदेश नसलेल्या भाषेलाही जागा मिळू शकते. उर्दू आणि सिंधी यांसारख्या विखुरलेल्या भाषांच्या दृष्टीने, आणि म्हणून भिवंडीच्या दृष्टीने, दुसरा प्रकार अधिक न्याय्य आहे. दक्षिण आफ्रिकेने १९९७ मध्ये आपल्या राष्ट्रगीतात पाच भाषांच्या ओळी एकत्र गुंफल्या. स्वित्झर्लंडचे राष्ट्रगीत चारही राष्ट्रभाषांत गायले जाते. भारताने गीतात हा मार्ग घेतला नाही. नोटेवर मात्र घेतला. आपल्या प्रतीकव्यवस्थेतील सर्वांत बहुभाषिक वस्तू आपण रोज हाताळतो आणि तिच्याकडे प्रतीक म्हणून कधीही पाहत नाही.

४. ध्वजाचे कापड

२२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने राष्ट्रध्वज स्वीकारला. त्याच्या रंगांविषयी आणि चक्राविषयी आपण बरेच बोलतो. कापडाविषयी फारसे बोलत नाही. अनेक दशके नियमाने ध्वज हातकताई आणि हातविणाईच्या खादीचाच असणे बंधनकारक होते. २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या भारतीय ध्वजसंहितेतही तीच अट होती. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर विणलेले कापड आणि पॉलिस्टर यांना मान्यता मिळाली व त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये ‘हर घर तिरंगा’ ही मोहीम झाली.

या बदलावर झालेली चर्चा बहुतांशी खादीच्या बाजूने झाली आणि ते स्वाभाविक होते. हुबळीजवळील बेंगेरी आणि महाराष्ट्रातील नांदेड येथील खादी संस्थांच्या ध्वजनिर्मितीवर अनेक कुटुंबांची उपजीविका अवलंबून आहे. खादीमागे स्वावलंबनाचे एक तत्त्वज्ञान आहे आणि ध्वजाचे कापड स्वस्त झाले म्हणून ते तत्त्वज्ञान टाकाऊ ठरत नाही. परंतु भिवंडीतून पाहिले असता या चर्चेतील एक रिक्त जागा लक्षात येते. भिवंडीचे मोमीन आणि पद्मशाली हे दोन्ही समाज मूळचे हातमागाचे विणकर. गिरणीच्या कापडाने हातमागाची बाजारपेठ घेतल्यानंतर ते यंत्रमागाकडे वळले. १९८२ च्या मुंबईतील गिरणी संपानंतर तर या धंद्याचा विस्तार आणखी झाला. म्हणजे हातविणाईचा गौरव करणारा ध्वज आणि परंपरेने हातविणाई करणारे समाज यांच्यात नियमाची भिंत उभी राहिली. ज्यांच्या पूर्वजांच्या हातांचे ते प्रतीक होते त्यांच्याच वंशजांच्या मागावरचे कापड ध्वजाला चालत नव्हते.

दुरुस्तीने ही भिंत कायद्याच्या पातळीवर दूर झाली. तथापि ध्वजाचे उत्पादन खुले झाले म्हणून ध्वजाचा अर्थ आपोआप विस्तारला असे म्हणता येणार नाही. तो विस्तारायचा असेल तर हातमाग आणि यंत्रमाग यांना परस्परांचे शत्रू न मानता एकाच विणकर-इतिहासाची दोन प्रकरणे म्हणून शिकवावे लागेल. स्वातंत्र्याच्या इतिहासात चरख्याला जे स्थान आहे ते योग्यच आहे. चरख्यानंतर विणकराचे काय झाले, हे पुढचे प्रकरण मात्र आपल्या पाठ्यक्रमात नाही.

५. १ मे : एका दिवसाचे दोन अर्थ

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली. तोच आंतरराष्ट्रीय कामगार दिन. या दोन अर्थांचा योग केवळ दिनदर्शिकेतला नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला गिरणी कामगारांनी बळ दिले आणि तिचा आवाज शाहिरांनी घडवला. अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख यांनी लाल बावटा कलापथकातून जी शाहिरी उभी केली तिच्यात भाषेचा अभिमान आणि श्रमाचा अभिमान एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. यांपैकी अमर शेख हे मुस्लिम घरात जन्मलेले मराठी शाहीर होते, ही गोष्ट भिवंडीच्या संदर्भात विशेष नोंद घेण्याजोगी आहे. प्रादेशिक अस्मितेच्या उगमापाशीच एका बहुधर्मीय श्रमिक परंपरेचा वाटा आहे.

कालांतराने १ मे या दिवसाचा राज्यस्थापनेचा अर्थ शासकीय समारंभाकडे गेला आणि कामगाराचा अर्थ संघटनांकडे राहिला. ध्वजवंदन आणि संचलन एका बाजूला, मोर्चा आणि सभा दुसऱ्या बाजूला. भिवंडीत ज्याला मीटरवर मजुरी मिळते त्या यंत्रमाग कामगाराच्या दृष्टीने सुट्टी म्हणजे बुडालेली मजुरी असते. सार्वजनिक सुट्ट्यांची जी शासकीय यादी आपण भिंतीवर लावतो ती पराक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम २५ खाली जाहीर होते. मुळात तो हुंड्या आणि धनादेश यांविषयीचा कायदा आहे. त्याच्या सुट्टीने बँका आणि कार्यालये बंद होतात, माग बंद होतोच असे नाही. एका राज्याचा स्थापनादिन त्या राज्यातील श्रमिकाला भरपगारी मिळतो की नाही, हा त्या दिवसाच्या अर्थाशी निगडित प्रश्न आहे.

या ठिकाणी महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मधील तरतूद उद्बोधक आहे. कायद्याने ठरवलेल्या किमान संख्येइतके किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत वर्षाला आठ भरपगारी सणसुट्ट्या द्याव्या लागतात. त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार कायद्यानेच ठरवलेल्या आहेत. उरलेल्या चार मालक व कामगार यांनी परस्पर संमतीने ठरवायच्या आहेत. कारखान्यांना हा कायदा लागू नाही, त्यामुळे मागावरच्या कामगाराला त्याचा थेट लाभ होत नाही. परंतु त्यातील तत्त्व मोलाचे आहे. निम्मे दिवस सर्वांचे समान आणि निम्मे दिवस त्या त्या ठिकाणच्या लोकांनी बोलून ठरवलेले. बहुभाषिक, बहुधर्मीय समाजाच्या सुट्ट्यांसाठी याहून समंजस सूत्र क्वचितच सापडेल.

६. तिथी, तारीख आणि मिरवणूक

सण आणि उत्सव यांच्या बाबतीत भिवंडीने मोठी किंमत मोजली आहे. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी येथे दंगल उसळली आणि तिचे लोण जळगाव व महाड येथे पोहोचले. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. मिरवणुकीचा मार्ग, घोषणा आणि गुलाल हे या चौकशीतील कळीचे विषय होते. म्हणजे वाद प्रतीकाविषयी नव्हता. प्रतीक कोणत्या रस्त्याने, कोणत्या आवाजात आणि कोणाच्या दारावरून न्यायचे याविषयी होता. शिवरायांचे थोरपण भिवंडीत कोणी नाकारले नव्हते.

याच उत्सवाचा पूर्वेतिहास पाहिला तर प्रतीकाचे अर्थ किती बदलू शकतात ते दिसते. जोतीराव फुले यांनी १८६९ साली शिवाजीराजांवर पवाडा लिहिला तेव्हा त्यांचा नायक कष्टकरी रयतेचा राजा होता. लोकमान्य टिळकांनी १८९६ साली रायगडावर उत्सव केला तेव्हा त्याला राष्ट्रीय जागृतीचे रूप मिळाले. जन्मतिथीही दीर्घकाळ वादाचा विषय राहिली. पूर्वी वैशाख शुद्ध द्वितीया मानली जात असे. १९७० ची मिरवणूकही त्याच तिथीची होती. पुढे जेधे शकावलीच्या आधारे फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी पुढे आली आणि शासनाने तिच्याशी जुळणारी १९ फेब्रुवारी ही तारीख स्वीकारली. इतिहाससंशोधनाने दिवस बदलला तरी श्रद्धा ढळली नाही. यावरून उत्सवाचा गाभा दिवसात किंवा मार्गात नसतो, असे म्हणता येईल.

१९८४ च्या दंगलीनंतर भिवंडीने जो मार्ग शोधला तो अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने येथे मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. भिन्न समाजांची शेजारी राहणारी माणसे नियमितपणे एकत्र बसू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली, त्याचे श्रेय या प्रयोगाला दिले जाते. या समित्यांनी कोणतेही नवे प्रतीक निर्माण केले नाही. जुन्याच प्रतीकांच्या मार्गाविषयी आणि वेळेविषयी आधी बोलून ठेवले, एवढेच केले.

त्याचेच मोठे रूप २०२३ साली दिसले. २८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या. मुंबईतील मुस्लिम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढण्याचे ठरवले आणि शासनाने ईदची सुट्टी २९ सप्टेंबरला नेली. २०२४ आणि २०२५ मध्येही हे दोन दिवस लागोपाठ आले आणि मुंबईपुरती सुट्टी पुढे नेण्यात आली. या घटनांकडे केवळ सौजन्य म्हणून पाहणे पुरेसे नाही. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे असे योग सुमारे ३२-३३ वर्षांनी पुन्हा येतात आणि आले की सलग काही वर्षे येतात. म्हणजे हा संघर्षाचा संभव गणिताने आधीच कळणारा आहे. जे आधी कळते त्याची तयारी आयत्या वेळच्या औदार्यावर सोपवणे हे प्रशासनाचे आणि नागरी समाजाचेही अपुरेपण होय.

दिनदर्शिकेच्या सुधारणेचा मोठा प्रयत्न मेघनाद साहा समितीने केला. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. ती राजपत्रावर आणि आकाशवाणीवर राहिली. माणसांच्या सणांत आली नाही. याउलट गुढीपाडवा आणि युगादी हा दिवस कोणत्याही आदेशाशिवाय मराठी व तेलुगू घरांत एकाच वेळी साजरा होतो. भिवंडीत एका गल्लीत गुढी उभी राहते आणि शेजारच्या गल्लीत युगादी पच्चडी वाटली जाते. एक दिवस, दोन नावे, आणि त्याबद्दल कोणाचीच तक्रार नाही. बहुभाषिकतेचे सर्वांत सहज रूप हे असे असते.

७. गौरवदिन आणि शेजारधर्म

कुसुमाग्रजांचा जन्मदिवस २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो. त्याच्या आधी अवघे सहा दिवस, २१ फेब्रुवारीला, आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन येतो. १९५२ साली ढाक्यात बंगालीसाठी प्राण देणाऱ्या तरुणांच्या स्मृतीशी तो निगडित आहे. एक दिवस स्वतःच्या भाषेचा गौरव सांगतो, तर दुसरा प्रत्येकाला त्याची भाषा असते हे सांगतो. महाविद्यालयांत पहिला उत्साहाने साजरा होतो. दुसरा परिपत्रकापुरता उरतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. तेलुगूला तो २००८ साली मिळाला होता. म्हणजे पद्मानगरातील विद्यार्थी दोन अभिजात भाषांच्या सीमेवर वाढतो. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे झाले आहे. त्यामुळे उर्दू माध्यमातील विद्यार्थ्याच्या दप्तरातही मराठीचे पुस्तक आहे. त्याने मराठी शिकावी ही अपेक्षा रास्तच आहे. राज्याची भाषा येणे हे त्याच्या नोकरीच्या, न्यायाच्या आणि सन्मानाच्या दृष्टीने हिताचे आहे. परंतु त्याला मराठी ज्या रूपात भेटते त्या रूपात शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ असतो का, १९९० साली सोलापुरात भरलेल्या पहिल्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनाचा उल्लेख असतो का, सेतुमाधवराव पगडी यांनी उर्दू काव्य मराठीत आणले हे त्याला कोणी सांगते का, यावर ती भाषा त्याला सक्तीची वाटेल की आपली वाटेल हे अवलंबून आहे.

या संदर्भात मराठी वाचकाने एक दृष्टांत स्वतःला लावून पाहावा. बेळगावात १ नोव्हेंबर हा कर्नाटकाचा राज्योत्सव. सीमाभागातील मराठी माणसांचा एक मोठा वर्ग तो काळा दिवस म्हणून पाळतो. एका भाषेचा आनंदाचा दिवस दुसऱ्या भाषेच्या माणसाला परका वाटू शकतो, हे आपण तेथे अनुभवाने जाणतो. आपल्या शाळांतील मराठी फलक, मराठीतील कागदपत्रे आणि आपल्या उत्सवांना मुभा या मागण्या तेथे आपण न्याय्य मानतो. न्यायाचे जे माप आपण बेळगावात मागतो तेच भिवंडीत वापरले पाहिजे. अन्यथा आपली मागणी तत्त्वाची राहत नाही, केवळ संख्याबळाची ठरते.

प्रतीकांचा आदर सक्तीने येत नाही, याचा न्यायालयीन दाखलाही आहे. केरळमधील एका धार्मिक पंथाच्या विद्यार्थ्यांनी राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहून गीत न गायल्याबद्दल त्यांना शाळेतून काढण्यात आले होते. बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली हे निष्कासन रद्द केले. आदराने उभे राहणे हा आदरच आहे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. तर २००४ साली नवीन जिंदाल खटल्यात राष्ट्रध्वज सन्मानाने फडकवणे हा नागरिकाचा अभिव्यक्तीचा अधिकार मानला गेला. दोन्ही निर्णय एकत्र वाचले तर प्रतीक हे नागरिकाचे आहे, नागरिक प्रतीकाचा बंदा नाही, असा बोध होतो.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, राष्ट्रीय व प्रादेशिक प्रतीके ही निवडीतून घडलेली असतात. म्हणून त्यांची चिकित्सा करणे हा त्यांचा अवमान नव्हे. दुसरी, प्रदेशाधारित प्रतीकांपेक्षा भाषांना शेजारी शेजारी स्थान देणारी प्रतीके बहुभाषिक नगराला अधिक सामावून घेतात. तिसरी, प्रतीकाचा संबंध श्रमाशी जोडला गेला नाही तर ते समारंभापुरते उरते. ध्वजाचे कापड आणि १ मेची मजुरी ही त्याची दोन उदाहरणे होत. चौथी, भिवंडीचा इतिहास असे दाखवतो की संघर्ष प्रतीकाच्या अर्थापेक्षा त्याच्या मार्गावरून आणि वेळेवरून होतो, आणि म्हणून तो संवादाने टाळता येतो.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या हाती यातील काही गोष्टी निश्चितपणे आहेत. वार्षिक दिनदर्शिका तयार करताना २१ फेब्रुवारी आणि २७ फेब्रुवारी हे दोन दिवस एकाच सप्ताहाचे दोन टोक म्हणून योजता येतील. मराठी, उर्दू आणि हिंदी विभागांना एकमेकांच्या साहित्याचा अनुवाद विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. १ मेच्या निमित्ताने शाहिरी आणि यंत्रमाग यांचा एकत्रित इतिहास मांडता येईल. पुढील वर्षांत कोणते सण एकत्र येणार आहेत याची यादी आधीच करून ती स्थानिक मंडळांपुढे ठेवता येईल. यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

महाराष्ट्राने आपल्या राज्यप्रतीकांत शेकरू, हरियाल, तामण आणि आंबा यांना स्थान दिले आहे. या प्रतीकांविषयी कोणत्याही मोहल्ल्यात कधी वाद झाला नाही, कारण झाडाला आणि पाखराला भाषा विचारण्याची प्रथा नाही. माणसांनी घडवलेल्या प्रतीकांना भाषा असणारच. ती भाषा दुसऱ्याला ऐकू येईल अशा आवाजात आणि दुसऱ्याचे ऐकून घेत बोलली जावी, एवढीच बहुभाषिक नगराची अपेक्षा आहे आणि ती अवाजवी नाही.